कन्यादानाचा न छापलेला फोटो

कॅमेरा उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेला असतो, हे मला उजवा हात गेल्यावर कळलं. त्याआधी आठ वर्षं रोज कॅमेरा हाताळत होतो, पण कधी ध्यानात आलं नव्हतं. बटण उजवीकडे, फिल्म पुढे सरकवायचा खटका उजवीकडे, घट्ट पकडायची जागाही उजवीकडेच. डाव्या हातानं फक्त भिंग फिरवायचं आणि खालून आधार द्यायचा. लग्नघरातल्या थोरल्या जावयासारखा तो, मान मोठा आणि काम थोडं.

या अंकाच्या संपादकांनी ‘अपंगत्वावर मात’ असा काहीसा विषय सुचवला होता. मी त्यांना फोनवरच सांगितलं की मात वगैरे काही केलेली नाही. हात गेला, पोट राहिलं आणि दुसरा धंदा येत नव्हता. ते म्हणाले, मग तसंच लिहा. म्हणून गारखेड्यात मुलाच्या घरी गॅलरीत बसून डाव्या हातानं लिहितो आहे. माझ्या हाताबद्दल यात थोडंच येईल. सांगायचं आहे ते दुसऱ्या एका हाताबद्दल, आणि ते मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर चार-पाच वर्षांनी माझ्या वडिलांनी छावणीच्या बाजारात फोटोचं दुकान टाकलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लष्करातले जवान घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे, त्यावर आमचं घर चालायचं. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. अंगात रग होती, त्यामुळे दुकानात बसून पासपोर्टचे फोटो काढणं मला कमीपणाचं वाटे. सिल्लोडच्या एका कापूसवाल्यानं नव्या जिनिंग मशीनचा फोटो काढायला बोलावलं, तेव्हा मी लगेच एसटी पकडली. मशीन चालू असतानाच फोटो घ्यायचा, असा हट्ट माझाच होता. डोळा कॅमेऱ्यात असला की बाजूचं काही दिसत नाही. मी एक पाऊल मागे सरकलो आणि शर्टाची बाही मशीनच्या पट्ट्यात गेली. चूक कुणाची नव्हती, माझीच होती. दवाखान्यातून परत आलो तेव्हा उजव्या कोपराखाली चार बोटं लांबीचा खुंट उरला होता.

सहा महिने मी दुकानाचं दार उघडलं नाही. सुमन, माझी बायको, रोज तिथं जाऊन झाडलोट करून यायची. मला त्याचाही राग यायचा. शेवटी आमच्या शेजारचे सायकलवाले उस्मानभाई एक दिवस घरी येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चहा पीत पीत सुमनला म्हणाले, “भाभी, इनकू बोलो, हात गया तो पाव है ना. दुकान को ताला कायकू लगाते?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार आणली. आमचा दुकानातला मोठा लाकडी कॅमेरा तिवईवर उभा असायचा. त्याच्या झडपेला त्यांनी ती तार जोडली आणि दुसऱ्या टोकाला सायकलचं पॅडल लावून ते जमिनीवर ठोकलं. पॅडल पायानं दाबलं की फोटो निघायचा. त्याचा एक फायदा आम्हाला आधी कळलाच नव्हता. इतर फोटोग्राफर काळ्या कापडाआडून ‘रेडी’ म्हणतात आणि समोरचा माणूस श्वास रोखून पुतळा होतो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून गिऱ्हाइकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचो आणि खाली पाय हळूच दाबायचो. फोटो कधी निघाला हे त्याला कळायचंच नाही. माझ्या फोटोत माणसं बोलतायत असं वाटतं, असं लोक म्हणायला लागले. हात असताना असे फोटो मला कधी जमले नव्हते, हे कबूल करतो.

लग्नातल्या लहान कॅमेऱ्याचं कोडं मात्र मीच सोडवलं. कॅमेरा उलटा धरला की उजवीकडचं बटण डावीकडे येतं, अंगठ्याखाली. वरचा भाग खुंटावर टेकवायचा आणि अंगठ्यानं बटण दाबायचं. अंतर आधीच दहा फुटांवर लावून ठेवायचं आणि भिंग फिरवण्याऐवजी आपणच पुढे-मागे व्हायचं. फिल्मवर सगळे फोटो खाली डोकं वर पाय असे येतात, पण निगेटिव्ह कसंही फिरवून छापता येतं, त्याचं काही अडत नाही. अडलं ते फ्लॅशचं. कॅमेरा उलटा म्हणजे फ्लॅशही खाली. पहिल्या लग्नात सगळ्यांच्या तोंडावर हनुवटीखालून उजेड पडला आणि नवरीसकट अख्खा मांडव नाटकातल्या राक्षसांचा दिसायला लागला. नवरीच्या आजीनं अल्बम बघून माझ्या तोंडावर बंद केला. मग उस्मानभाईंनी सायकलच्या कॅरिअरची पट्टी वाकवून फ्लॅश वर उचलून दिला.

अंधाऱ्या खोलीतली कामं दोन हातांची असतात. मिट्ट काळोखात फिल्म चकरीवर गुंडाळायची असते, ते एका हाताला जमत नाही. ते सुमन शिकली. फोटो धुणं, छापणं तिचं. पेन्सिलीचं काम माझं. ते काय असतं ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली की तेवढी जागा छापताना उजळ होते. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं पेन्सिलीनं जातं. डाव्या हातानं हे शिकायला मला दोन वर्षं लागली, आणि नंतर त्यात माझा हात कुणी धरला नाही.

माझा खुंट बघून एक वेगळंच गिऱ्हाईक माझ्याकडे यायला लागलं. ज्यांच्या अंगात काही कमी होतं, त्यांना माझ्यासमोर लाज वाटत नसे. आणि त्यांचं उणं फोटोत कसं दिसू द्यायचं नाही, हे मला चांगलं उमगलं होतं, कारण आरशासमोर मी तेच करत होतो. तिरळ्या मुलीला फुलदाणीकडे बघायला लावायचं. लंगड्या मुलाला बसवायचं आणि पुढे गालिचा चढवायचा. बोट तुटलेलं असलं तर हातात पुस्तक द्यायचं, म्हणजे बोटही लपतं आणि मुलगी शिकलेलीही वाटते. स्थळं जमवणारे लोक जालन्या-परभणीपासून मुली माझ्याकडे पाठवू लागले. मला त्याचा अभिमान होता. उगाच खोटं कशाला बोलू.

एकदा छावणीतला एक जवान कुबड्या घेऊन आला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. म्हणाला, “आईला कळवलं नाही अजून. दोन्ही बूट दिसले पाहिजेत.” मी त्याच्या विजारीत चिंध्या भरल्या, खाली रिकामा बूट ठेवला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून त्याला उभं केलं. फोटो असा आला की मलाच खरं वाटेना. महिन्यानं तो परत आला. आईचं पत्र आलं होतं. तिनं लिहिलं होतं, बाळा, डाव्या पायावर भार का देत नाहीस. हे सांगताना तो हसत होता आणि हसताहसता बाकावर बसून रडला. सुमननं त्याला पाणी दिलं. त्या दिवशी मी काहीतरी शिकायला हवं होतं, पण शिकलो नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात रामराव आले. सिल्लोडकडचे बागायतदार, डोक्याला पांढरं पागोटं, माणूस भला. बरोबर एकोणीस वर्षांची मुलगी, रत्ना. तिचा उजवा हात लहानपणी भाजला होता. बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली, तळवा वाटीसारखा झालेला. नाकीडोळी मुलगी सुरेख होती.

“फोटू असा काढा की...” रामराव थांबले.

“कळलं. काळजी करू नका,” मी म्हटलं. “बसवून घेऊ की उभी?”

“बसवूनच बरं व्हईल.”

“पदर एकाच खांद्यावर घेते का दोन्ही?”

“दोन्हीवर घेऊ द्या. हात आत ऱ्हाईल.”

मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लावला, उजवा हात त्याखाली ठेवला, डाव्या हातात एक शेवंती दिली. रत्ना तेवढ्या वेळात एकच वाक्य बोलली. माझ्या रिकाम्या बाहीकडे बघून तिनं विचारलं, “तुमचा कशात गेला?”

“जिनिंगच्या पट्ट्यात.”

“माझा चुलीत. दोन वर्षांची व्हते.”

“गप बस, रत्ने,” रामराव म्हणाले. ती गप्प बसली आणि मी पाय दाबला.

फोटो अप्रतिम आला. ती नुकतीच गप्प झाल्याची खूण ओठांवर राहिली होती आणि त्यानं चेहऱ्याला एक गंभीर गोडवा आला होता. पेन्सिल लावायची गरजच पडली नाही. दोन महिन्यांत लग्न ठरलं. मुलगा वसंत, शाळामास्तर, नोकरी दूर कोकणात. त्याला रजा मिळेना म्हणून त्याचे वडील एकटेच येऊन मुलगी बघून गेले. रामरावांनी त्यांना हाताचं सगळं सांगितलं, हात दाखवलाही. ते म्हणाले, आमची हरकत नाही, मुलीला काम येतं ना, झालं. लग्नातल्या फोटोंचं काम रामरावांनी मलाच दिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मांडवात फ्लॅशची तार तपासत होतो. नवरदेव स्वतः माझ्याकडे आला. काळा कोट घातलेला, किडकिडीत, हसऱ्या डोळ्यांचा पोरगा. त्यानं आतल्या खिशातून फोटो काढला. कडा झिजल्या होत्या, म्हणजे दोन महिने तो खिशातच असावा.

“हा तुम्हीच काढलाय ना? फार छान काढलाय,” तो म्हणाला. मग फोटोकडे बघत त्यानं विचारलं, “यांनी हात असा पदराखाली का घेतलाय हो? थंडी होती का त्या दिवशी?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की यात कुणाचं कपट नव्हतं. रामरावांना वाटलं, व्याह्यांनी मुलाला कळवलं असणार. व्याह्यांना वाटलं, मुलाला फोटो पाठवला आहे, त्यानं बघून होकार दिला आहे, मग आणखी काय कळवायचं. मुलानं मुलगी बघितली ती फोटोत, आणि फोटो माझा होता.

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. घटका-दीड घटका वेळ होता. पण मांडवभर माणसं, बाहेर सनई, आणि हा पोरगा हसून विचारतोय. मी म्हणालो, “हो, थंडी होती.”

कन्यादानाच्या वेळी मी दहा फुटांवर उभा होतो. भटजींनी हात पुढे करायला सांगितला. रत्नानं मान खाली घातली होती, डोळे मिटलेले होते. पदराखालून उजवा हात बाहेर आला आणि नवरदेवाच्या हातात गेला. त्याची नजर खाली गेली, भुवया वर चढल्या, आणि सवयीनं माझा अंगठा दाबला गेला.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. या कॅमेऱ्यात आत एक आरसा असतो, त्यातून आपल्याला समोरचं दिसतं. बटण दाबलं की तो आरसा वर उचलला जातो आणि फोटो निघतो. म्हणजे नेमक्या ज्या क्षणाचा फोटो निघतो, तो क्षण फोटोग्राफरला दिसत नाही, तिथं काळोख असतो. आरसा खाली आला तेव्हा नवरदेवानं मान खाली घातलेली होती. भटजींचे मंत्र चालू होते. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात गेली.

सुमननं फिल्म धुऊन वाळत घातली तेव्हा मी कात्री घेऊन ते एक निगेटिव्ह कापून पाकिटात टाकलं. उजेडात धरून बघितलं नाही. त्यात काय असणार ते मला माहीत होतं, असं मी धरून चाललो. पट्टी सोडल्यानंतर माझ्या खुंटाकडे बघणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती. अल्बम न्यायला रामराव आले आणि कन्यादानाचा फोटो कुठं आहे म्हणाले. मी सांगितलं, त्या वेळी फ्लॅश पेटलाच नाही. ते हळहळले आणि अल्बम घेऊन गेले. निगेटिव्ह मी फेकलं नाही. फोटोग्राफर निगेटिव्ह फेकत नाही. पण पुढची पुष्कळ वर्षं तो खण उघडताना मला नको वाटायचं. ती मुलगी कशी नांदत असेल, असं मनात आलं की मी दुसरं काम काढायचो.

वीसेक वर्षांनी, एका दुपारी, ती दुकानात आली. मी ओळखलं नाही. कपाळ मोकळं, बरोबर दीर. वसंत मास्तर हृदयविकारानं गेले होते, महिनाही झाला नव्हता. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता आणि त्यांचा धड फोटो लग्नातलाच तेवढा होता. मी जुनी निगेटिव्हं काढली, एकट्या चेहऱ्याचा फोटो निघेल असं एक निवडलं. दीर काच-चौकट बघायला बाजारात गेले. ते गेल्याची खात्री करून ती काउंटरजवळ आली.

“भाऊ, मला दुसरा पण एक फोटू पाहिजे. कन्यादानाचा.”

“तो आला नव्हता, रत्नाबाई. फ्लॅश पेटला नव्हता.”

“पेटला व्हता. मी डोळे मिटले व्हते, तरी आत लखकन उजेड आला. मी डोळे मिटलेलेच ठेवले, पण मला कळलं.”

तिनं उजवा हात काउंटरवर ठेवला, उघडा.

“ते जन्मभर मला एकच सांगत आले,” ती म्हणाली. “म्हणायचे, मला आधीच ठाऊक व्हतं. फोटूत हात दिसला नाय तवाच मी वळखलं. मी कधी रडले की हेच सांगायचे. लई चांगला माणूस व्हता, भाऊ. कधी वाकडा शब्द नाय. पण हे खरं का खोटं, ते मला कळलं नाय. आता इचारायला ते नायत. त्या वक्ताला त्यांचं तोंड कसं झालं व्हतं, तेवढं मला बघायचंय.”

खरं काय ते मला माहीत होतं. त्या माणसानं सकाळी माझ्याजवळ थंडीची चौकशी केली होती. वीस वर्षं त्यानं जे खोटं सांभाळलं, ते त्याला जाऊन महिना व्हायच्या आत मी मोडायचं? बाई उरलेलं आयुष्य कशावर काढणार? मी म्हणालो, “राहू द्या. फोटोत एका क्षणाचं तोंड असतं. माणूस तेवढाच नसतो. मी मोठा फोटो छान करून देतो.”

ती रागावली नाही. तिनं नुसतं म्हटलं, “तुमी मला एकदा झाकलं. आता त्यांना झाकू नका.”

मी पाकीट काढलं. अंधाऱ्या खोलीत सुमन होती, तिला सांगितलं की या बाईंनाही आत येऊ दे. लाल दिव्यात आम्ही तिघं उभे राहिलो. सुमननं कागदावर उजेड दिला आणि कागद रसायनाच्या पाण्यात सोडला. छपाईत काळं आधी उमटतं. कोट आला, केस आले, तिच्या चोळीची कड आली. मग हळूहळू चेहरा भरत गेला.

तोंड अर्धं उघडं होतं. भुवया कपाळात गेलेल्या. माणसाला ठेच लागल्यावर होतं तसं तोंड. त्याला ठाऊक नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं. पण ज्याची मला वीस वर्षं धास्ती होती ते त्यात नव्हतं. तो तिच्या हाताकडे बघतच नव्हता. आरसा वर गेला तेवढ्या निमिषात त्यानं नजर उचलली होती आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. नजरेत राग होता. सकाळी तुम्हाला विचारलं होतं ना, असं ती नजर म्हणत होती. आणि खाली त्याच्या हातात तिचा हात होता. नुसता ठेवलेला नव्हता. पाची बोटं तिच्या वळलेल्या बोटांभोवती आवळलेली होती, इतकी की नखांशी पांढरं झालेलं दिसत होतं.

सुमननं फोटो दुसऱ्या पाण्यात घातला. रत्नाबाई वाकून बघत होत्या.

“तुमच्याकडं बघतायत,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं आणि मग सगळं सांगून टाकलं. सकाळी त्यांनी फोटो दाखवून काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, खिशातल्या फोटोच्या कडा कशा झिजल्या होत्या, सगळं. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही.

“म्हंजी ठाऊक नव्हतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “वीस वर्सं खोटं बोलले माझ्याशी.”

सुमननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत होत्या, पण तोंडावर हसूही होतं.

“ठाऊक असतं, तर हात धरणारच व्हते की,” त्या म्हणाल्या. “ठाऊक नसतानी सोडला नाय.”

मला तिथं थांबवेना, पण खोलीचं दार उघडलं असतं तर फोटो खराब झाला असता, म्हणून मी थांबलो. फोटो धुऊन झाला. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं की ओठांपाशी थोडी पेन्सिल लावली तर तोंड मिटल्यासारखं दिसेल. सुमननं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

बाहेर आलो. फोटो वाळायला तासभर लागतो, असं मी सांगितलं. दीर यायच्या आत तो पिशवीत जायला हवा होता, त्यामुळे त्या थांबायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, बाहेर उन्हात वाळवते, लवकर वाळेल. मग जाता जाता माझ्याकडे वळल्या.

“त्या दिवशी फोटू काढताना तुमी माझ्या बापाला इचारलं. बसवू का, पदर कसा घेऊ. मला नाय इचारलं.”

“तुम्ही काय सांगितलं असतं?”

“हात बाहेर ठेवा म्हणले असते. मला तवापासूनच वाटत व्हतं, आधी दिसू द्यावा. पण तुमी इचारलंच नाय. मला वाटलं, तुमचाच हात गेलाय, तर तुमी तरी इचारताल.”

दवाखान्यात डॉक्टर माझ्या हाताबद्दल माझ्या उशापाशी उभे राहून सुमनशी बोलायचे, मी तिथं नसल्यासारखे. त्या वेळी माझं डोकं फिरायचं. आणि बरा होऊन मी काय केलं, तर माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक पोरीच्या बापाशी बोललो. किती मुली मी अशा पदराखाली, पुस्तकाआड, फुलदाणीकडे वळवून बसवल्या असतील. त्यांच्यातल्या कितीजणींना वसंत मास्तर भेटले असतील, हे मला माहीत नाही. मला ते कळवायला कुणी आलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

त्या दारात गेल्या. डाव्या हातात पिशवी होती, म्हणून ओला फोटो त्यांनी उजव्या हातावर आडवा घेतला. वळलेल्या बोटांच्या टोकांवर आणि तळव्याच्या कडेवर तो बरोबर टेकला, कुठं चिकटला नाही, सुरकुतला नाही. पदर खांद्यावरून मागे गेला होता. बाजारात माणसांची ये-जा चालू होती आणि भर उन्हात त्या तशा उभ्या होत्या, हात पुढे करून, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.

लहान कॅमेरा माझ्या शेजारी होता, फिल्म भरलेली. मी तो उचलला, उलटा करून खुंटावर टेकवला. दहा फूट अंतर होतंच. असा फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता आणि पुन्हा निघणार नव्हता, हे मला दिसत होतं. अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला.

“रत्नाबाई,” मी हाक मारली. “एक काढू का?”

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. खरंच विचार करत होत्या.

“आज नगं, भाऊ,” त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा खाली ठेवला.